कागदाच्या पाठीवरचा चास

शेजारच्या घरातल्या सुनेला पक्ष्यांची चित्रं काढायला शिकायचं आहे. सुरुवातीला रंगीत पेन्सिली घ्याव्यात की पाण्याचे रंग, हे विचारायला ती परवा आली होती. माझ्याकडे दोन्ही आहे असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. दोन्ही आहे हे खरं. कपाटाच्या वरच्या कप्प्यात पेन्सिलींचा पत्र्याचा डबा आहे आणि त्याच्याखाली जलरंगांची पेटी. मी तिला चार गोष्टी सांगितल्या, चहा दिला आणि वाटेला लावलं. सांगितलं ते काही चुकीचं नव्हतं, पण माझा स्वतःचा अनुभव मी त्यात येऊ दिला नाही. तो चहा पिता पिता सांगण्यासारखा नाही.

हे, म्हणजे माझे यजमान, पाटबंधारे खात्यात होते. आता हे नाहीत. मूळचे सिल्लोडकडच्या एका खेड्यातले. सगळी नोकरी कालव्यांच्या काठानं मोजणी करत हिंडण्यात गेली आणि तिथंच त्यांना पक्ष्यांचा नाद लागला. सुटीच्या दिवशी बाकीची माणसं पेपर तोंडावर घेऊन लोळतात, हे गळ्यात दुर्बीण अडकवून जायकवाडीच्या पाण्याकडे निघायचे. मी सोबत गेले तरी सतरंजीवर डबा राखत बसायची. मला पक्ष्यांचं कौतुक नव्हतं. चिमणी, कावळा, कबुतर आणि उरलेले सगळे नुसते पक्षी, एवढंच माझं ज्ञान.

मी स्वतः मोंढ्याच्या धान्यबाजाराजवळ एका कचेरीत पावत्या लिहायची. पावतीखाली दोन कार्बन असत आणि तिसरी प्रत वाचता आली नाही की बोलणी माझ्या वाट्याला. त्यामुळे दाबून लिहायची अशी खोड लागली की घरी वाण्याची चिठ्ठी लिहिली तरी ती खालच्या चार पानांवर उमटायची. हे त्यावरून चिडवत. म्हणत, "तुला गुपित लिवायचं आसंल तर खालचं टेबलबी फेकून द्यावं लागंल."

निवृत्तीनंतर दोन-तीन वर्षांनी ह्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. कळला तेव्हा तो बराच पुढे गेलेला होता. डॉक्टर सरळ बोलणारे होते. गेलेली नजर परत यायची नाही, थेंब टाकून उरलेली टिकेल तितकी टिकवू, म्हणाले. या आजारात अंधार कडेकडेनं आत येतो. समोरचं थोडं दिसत राहतं, म्हणून माणूस घरात नीट हिंडतो-फिरतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पत्ता लागत नाही. मला त्यांनी ते खात्याच्या भाषेत समजावून सांगितलं. "पाइपातून बघितल्यासारखं दिसायलंय. आन् पाइप दर साली बारीक व्हायलाय."

पाइपातून पक्षी सापडत नाही. आमच्या सिडकोतल्या घरापुढे कडुनिंब होता. हे दारातल्या खुर्चीवर बसून त्याच्यावरचा आवाज ऐकायचे, मान फिरवून पाइप त्या फांदीवर आणायचे, आणि तेवढ्यात तो उडून गेलेला असायचा. मग मला विचारायचे, काय करतोय. मी म्हणायची, बसलाय.

"बसलाय म्हंजे? शेपूट वर का खाली? छातीला रंग कोणता?"

"चॉकलेटी."

"चॉकलेटी व्हय. एवढा मोठा पक्षी आन् तुला चॉकलेटी दिसला."

यावरून आमची रोज जुंपायची. माझा स्वभाव मुळात तापट. कुकरची शिट्टी चुकली तरी मला राग येतो. मी म्हणायची, तुम्हीच बघा मग. तोंडातून गेल्यावर जीभ चावायची, पण तोवर ते जाऊन पोचलेलं असायचं.

ह्यांच्या गावी दसऱ्याला सोनं लुटायला सीमेबाहेर गेलं की चास बघूनच माघारी यायची पद्धत होती. चास म्हणजे पुस्तकातला नीलपंख. तारेवर बसलेला असतो तेव्हा तो मातकट, सुस्त दिसतो, कुणी वळूनसुद्धा बघणार नाही. उडाला की पंखांत दोन-दोन निळे रंग उघडतात. दसऱ्याला तो दिसला की वर्ष चांगलं जातं, असं त्यांची आई म्हणायची. हे मोजणीतले माणूस, शकुनबिकुन मानणारे नव्हते, पण इतक्या वर्षांत त्यांनी दसऱ्याचा चास एकदाही चुकवला नव्हता. त्या वर्षीही आम्ही पैठण रस्त्याला गेलो. चास होता. अगदी समोरच्या तारेवर. मी म्हटलं, तो बघा, खांबापासून उजवीकडे. ह्यांनी खांब शोधला, खांबावरून तारेवर आले, तारेवरून सरकत निघाले, आणि ते पोचायच्या आत तो उडाला. मला त्याचा निळा दिसला. ह्यांना आकाश दिसलं.

"ऱ्हाऊ दे," हे म्हणाले. "एक तरी पक्षी जरा जागेवर थांबला आसता तर मला घावला आसता."

मला फार वाईट वाटत होतं आणि वाईट वाटलं की मला सुचेनासं होतं. दुसऱ्या दिवशी मी गुलमंडीच्या बाजारात गेले आणि रंगीत पेन्सिलींचा डबा आणि शाळेतली मुलं वापरतात तसली पातळ कागदाची चित्रकलेची वही घेऊन आले. कागदावरचा पक्षी उडत नाही, एवढा साधा हिशेब होता. पुढच्या दसऱ्यापर्यंत मला चास काढता यायला हवा होता. तोवर ह्यांना तो बघता यायला हवा होता, ही दुसरी अट माझ्या हातात नव्हती.

शाळा सुटल्यापासून मी चित्र म्हणून काढलं नव्हतं. पहिली साळुंकी बटाट्यासारखी झाली. पण पेन्सिल ऐकते, हे मला लगेच कळलं. टेकवाल तिथंच रंग लागतो, दाबाल तेवढाच लागतो, आणि मध्येच दूधवाला आला तर ठेवून उठता येतं. परत आल्यावर पक्षी जिथं सोडला तिथंच असतो. शिकाऊ माणसाला असलीच वस्तू हवी. मी ह्यांच्या पुस्तकातून बघून बघून काढायची. चित्र तळहाताएवढं असायचं, कारण त्याहून मोठं काढायचं मला धाडसच नव्हतं. खाली घडी घातलेली चादर, तिच्यावर कागद, आणि कार्बनवर लिहिल्यासारखी दाबून रेघ.

हे चित्र हातभर लांब धरायचे, मग मागेपुढे करून पाइपात आणायचे. आणि मग सुरू व्हायचे. "टिटवी काढलीस का कोंबडी? टिटवीचे पाय लांब, आन् पिवळे जर्द." "खंड्याची चोच अशी बारकी नाय. ती हत्यारावाणी दिसाया पायजे." "वेड्या राघूच्या शेपटातून दोन काड्या निघत्यात. त्या कुठं गेल्या?" मी चिडायची, फाडून टाकायची धमकी द्यायची, आणि दुसऱ्या दिवशी काड्या काढून द्यायची. घरात पुन्हा पक्ष्यांवरून भांडणं सुरू झाली, पण ती वेगळी भांडणं होती. ह्यांना पक्षी दिसत होते आणि मला ऐकून घ्यावं लागत होतं. त्या थंडीत मी सुखात होते असं आज म्हणता येईल.

पेन्सिलींचं वाईट तेवढं हळूहळू कळत गेलं. पिसावर पीस काढत बसलं की अख्खी दुपार जाते. थरावर थर चढवला की कागद गुळगुळीत होतो आणि पुढे रंग घ्यायचं नाकारतो. शिवाय पेन्सिलीत मेण असतं, ते उजेडाला चमकतं. "चकाकतंय नुसतं," हे म्हणायचे. "आन् फिकं हाय. जरा गडद कर की." मी आणखी दाबायची. टोकं मोडायची. डब्यात निळे दोनच होते, एक आकाशी आणि एक गडद, आणि चासाच्या पंखातला रंग त्या दोन्हींत नव्हता. दोन्ही एकावर एक घासून पाहिले तर शाळेच्या गणवेशाचा निळा निघाला. तो मी ह्यांना दाखवलाच नाही.

फिकं, फिकं हे ऐकून होळीनंतर मी शिकवणी लावली. रोशन गेटकडे एक आपा राहायच्या. उर्दू शाळेतून चित्रकलेच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या, घरीच बायकांना शिकवायच्या. त्यांनी माझं पहिलं चित्र उलटं करून कागदाच्या पाठीवर उमटलेल्या रेघांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "कागद कू कायकू इत्ता मारते? हाथ हल्का रखो ताई, हल्का." मी कार्बनचं सांगितलं. त्यांना हसू आलं. म्हणाल्या, इथं एकच प्रत काढायची असते. मग त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि ब्रश दिला. ब्रश दाबला की फिस्कटतो. दाबण्याची खोड जायला याच्यासारखं दुसरं औषध नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

ज्या गावात नळाला दोन-तीन दिवसांआड पाणी येतं तिथं पाण्याचे रंग शिकायला घेणं म्हणजे तशी चैनच. ब्रश धुतलेलं पाणी मी कुंडीत ओतायची, आणि मोगरा निळा येतो का बघत बसायची. पण पाणी हातात बसत नव्हतं. ते आपल्या मनानं जातं. दोन रंग एकमेकांना भेटले तर ठीक, तिसरा आला की चिखल. मे महिन्यात तर ब्रश कागदावर फिरेपर्यंत रंग वाळून कड धरायची, आणि ती कड पुढे जन्मभर तशीच. ओला असताना बघून जीव हरखावा असा निळा वाळला की निम्मा उरायचा. पेन्सिलीत झालेली चूक निदान कळते तरी कुठे झाली. पाण्यात चूक झाली की ती सगळीकडे पसरते.

पावसाळा आला तसा तो हात बसायला लागला. हवेत ओल आली, रंग थांबायला लागले. एके दिवशी पंखासाठी म्हणून निळा पसरला आणि त्याच्या कडेला नुसता हिरव्याचा थेंब सोडला. तो आपण होऊन निळ्यात शिरला, आणि पैठण रस्त्यावर मी क्षणभर पाहिलेला तो रंग माझ्या समोर कागदावर होता. मी किती तरी वेळ त्याच्याकडे बघत राहिले. आपांनी पाहून नुसतं "हौ" म्हटलं. त्यांच्याकडून एवढं मिळणं म्हणजे पुष्कळ होतं.

आता मी मोठं काढायला लागले. जाड, महागाचा कागद, आणि त्याच्यावर वीतभर पक्षी. डोळे अधू झालेल्या माणसाला मोठं दाखवावं, यात मला काही चूक वाटली नाही. हे चित्र हातात घ्यायचे, मागेपुढे करायचे आणि म्हणायचे, "छान झालंय." सूर्यपक्षी दाखवला, छान झालंय. भारद्वाज दाखवला, छान झालंय. "पेन्सिलीचे कागद फेकू नको बरं," एवढं मात्र अधूनमधून म्हणायचे, आणि मी म्हणायची, ते कोण ठेवतंय आता, तुम्हाला हवेत तर घ्या. त्यांनी ते घेतले. श्रावण संपेस्तोवर ह्यांचं चुका काढणं बंद झालं होतं. त्याचा अर्थ माझा हात बसला, असा मी लावला. मला अभिमान वाटला. मी कामं उरकून दुपारी रंगायला बसायची, आणि त्या दिवसांत मी कुणावर खेकसले नाही, हे मोलकरणीनंसुद्धा बोलून दाखवलं.

पोळ्यानंतर डोळे तपासायला जायचं होतं. हे म्हणाले, दसरा होऊ दे. मी जोर केला नाही, कारण माझं सगळं लक्ष चासात होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी चास पुरा झाला. उडणारा काढला होता, दोन्ही पंख उघडलेले, मागे फिकट आकाश, खाली तारेचा तुकडा. माझ्या हातून एवढं चांगलं चित्र त्याआधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही. पाण्यानं कागद फुगतो, वाकडातिकडा होतो. तो सरळ करायला आम्ही शिकवणीतल्या बायका एक करायचो. चित्र पूर्ण वाळलं की फळीवर पालथं घालायचं आणि वरून पाट ठेवून त्याच्यावर डबे रचायचे. मी तसं करून ठेवलं. सकाळी पुरण शिजायला टाकलं होतं, दाराला तोरण लावायचं होतं. त्या घाईत पाट उचलला आणि कागद फळीसकट तसाच्या तसा नेऊन ह्यांच्या मांडीवर ठेवला.

"हा घ्या तुमचा चास," मी म्हटलं. "पैठण रस्त्याला जायची गरज नाही." आणि आत पळाले, कारण पुरण लागायला आलं होतं.

चहा घेऊन बाहेर आले तर हे खुर्चीत पाठमोरे होते. कागद उचलून हातभर लांब धरला होता, मान जराशी तिरकी केलेली. बघतानाची त्यांची ती नेहमीची पद्धत. माझी चाहूल लागल्यावर म्हणाले, "झकास. निळा लई उतरलाय बघ. पंख तर आसे उघडलेत की आत्ता जाईल."

मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. कागद कोरा होता. पाठ होती ती. चास पलीकडे, रस्त्याकडे तोंड करून होता.

पहिल्यांदा मला रागच आला. न बघता तारीफ करतात, असं वाटलं. मग त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते कागदावर लागलेले होते, अगदी मन लावून. मी कागद त्यांच्या हातातून घेतला, सरळ केला आणि परत दिला. त्यांना त्यातलं काही कळलं नाही. मी म्हटलं, "चहा गार होतोय." दिवसभर लोक आपट्याची पानं घेऊन येत राहिले आणि हे सगळ्यांना चित्र दाखवत राहिले. म्हणत, "हिनं काढलाय. बघा निळा." लोक बघत होते. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही.

त्यानंतर मी ब्रश हातात धरला नाही. आपांना निरोप पाठवला की बरं नाही. ह्यांना काही विचारलंही नाही. विचारलं तर उत्तर मिळालं असतं, आणि मला ते नको होतं.

दिवाळीची साफसफाई काढली तेव्हा बैठकीच्या दिवाणावरची गादी मी उन्हात टाकायला उचलली. हे दुपारी तिथंच पडून रेडिओ ऐकायचे. गादीखाली पेन्सिलीची चित्रं होती. टिटवी, खंड्या, वेडा राघू, ती बटाट्यासारखी साळुंकीसुद्धा. तोंडाची बाजू मी ठेवली होती तशीच नवी करकरीत होती. पाठी मात्र काळ्या पडल्या होत्या. सारखा हात फिरून फिरून दाराच्या मुठीभोवती पडतो तसा मळ, आणि त्या मळात माझी एकेक रेघ वर आलेली. टिटवीचे पाय, चोच, डोळ्याचं गोल. मी बोट फिरवून पाहिलं. डोळे मिटून फिरवलं तर पक्षी कळत होता.

मी ती चित्रं घेऊन बाहेर गेले आणि ह्यांच्या हातात दिली. त्यांनी कागद ओळखले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पोळ्याच्या आधीपासून काय बी नाय. उजेड हाय का अंधार, तेवढं कळतं."

"आणि त्याच्या आधी? मोठी चित्रं दिसत होती ना?"

"बारकं होतं तवर पाइपात मावायचं. मोठं काढाया लागलीस आन् मला नुसता एक डाग दिसायचा. कधी निळा, कधी हिरवा. बाकीचं मी मनानं लावून घ्यायचो."

मला संताप आला. मी म्हटलं, सांगायला तोंड नव्हतं का. डॉक्टरकडे गेलो असतो. लहान काढलं असतं. मी कुणासाठी काढत होते ते सगळं, माझ्यासाठी? हे शांतपणे ऐकत होते. माझा राग त्यांनी आयुष्यभर असाच ऐकला.

"डॉक्टरनं काय केलं आसतं? त्यानं तर पैल्याच दिवशी सांगितलं व्हतं," ते म्हणाले. "आन् तू खूश होतीस. दुपारी रंग कालवताना गुणगुणायची. तू घरात आल्यापासून मी तुला कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं. म्हटलं, चालू दे."

मी आत जाऊन गादी झोडपली. शेजारपाजार ऐकत असेल इतकी झोडपली.

दिवाळी झाली. पाहुणे आले आणि गेले, मुलगी सासरी परत गेली, आणि घर फार शांत झालं. डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी थेंब चालू ठेवा म्हटलं, एवढंच. एका दुपारी मी ती शाळेची वही काढली, त्यात थोडी पानं उरली होती. चादरीच्या घडीवर पातळ कागद ठेवला आणि टोकदार पेन्सिलीनं चास काढायला घेतला. या वेळी बसलेला. उडणारा बोटाला कळला नसता, पंखांच्या पसाऱ्यात बोट हरवलं असतं. तार काढली, तारेवर नख्या, जाड मान, चोच, मिटलेला पंख, शेपूट. आपा म्हणत होत्या त्याच्या बरोबर उलट, तिसऱ्या प्रतीपर्यंत पोचेल इतकं दाबून.

कागद मी ह्यांच्या हातात दिला. त्यांनी तो आपण होऊनच पालथा केला, मांडीवर ठेवला आणि तारेपासून सुरुवात केली. बोट तारेवरून सरकत नख्यांपाशी आलं, थांबलं, वर चढलं.

"बसलाय. तोंड डावीकडं."

मी ते उजवीकडे काढलं होतं. पाठीवरून उलटं झालेलं.

"डोकं बराबर हाय. मान जाड पायजे तशी हाय. शेपूट जरा लांब केलंस. चासाचं शेपूट एवढं नसतं."

किती महिन्यांनी त्यांनी माझी चूक काढली होती. मी म्हटलं, बरं, पुढच्या वेळी आखूड करते. बोट पोटावरून फिरून पंखावर आलं आणि तिथंच राहिलं.

"हा पंख व्हय?"

"हो."

"निळा कसा झालाय?"

निळा मी लावलाच नव्हता. काय करायचाय आता निळा, असं काढताना मनात आलं होतं आणि डबा उघडला नव्हता. छान झालाय, असं म्हणता आलं असतं. त्यांना ते कधीच कळलं नसतं, आणि माझ्याशी ते इतके दिवस तसंच तर बोलत आले होते. मला ते जमलं नाही.

"अजून लावला नाही," मी म्हटलं.

"लाव की मग."

मी पेन्सिलींचा डबा आणला आणि कागद घ्यायला हात पुढे केला. त्यांनी तो दिला नाही. सुलटा करून आपल्या मांडीवर पसरला, आणि डावा हात कागदाखाली घातला, पंख होता तिथं. मी समोर पाटावर बसले. आकाशी आधी लावला, हलक्या हातानं. कागदाखालच्या हाताला तो जाणवायचा नाही म्हणून गडद घेतला आणि त्याच्यावर घासायला लागले. रंग शाळेच्या गणवेशाचाच आला. पेन्सिल सरकेल तशी खाली त्यांची बोटं सरकत होती. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं. त्यांना दिसणार नव्हतं. आवाज तेवढा सांभाळला.

"दाबून लाव," हे म्हणाले.

मी दाबून लावला. टोक मोडलं, ते काढून पुन्हा लावला. पंख भरून होईपर्यंत ह्यांनी खालचा हात काढला नाही.